पहिली दगडी चूल मांडताना

भावा, अंगणात चूल मांडतोयस हे ऐकून लई बरं वाटलं. सुरुवातीला सगळं लक्ष दगडाकडं दे. पंचगंगेच्या काठचे गुळगुळीत गोटे आणू नकोस. त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं, तापले की आत वाफ कोंडून ते फुटतात आणि कपच्या थेट डोळ्यांकडं उडतात. कोरडा, बिनभेगांचा काळा दगड घे. लिंपायला माती, शेण, भुसा. नुसतं सिमेंट आचेनं तडकतं.

आणखी:
- लिंपण सावलीत आठवडाभर वाळू दे. पहिल्याच दिवशी पांढऱ्या रश्श्याचं पातेलं चढवायची चूक सगळेच करतात. आधी दोन-तीन दिवस काटक्यांचा बारीक जाळ घाल.
- तोंड पश्चिमेला नको, पावसाळी वारा तिकडूनच येतो.
- धूर जायला वाट नसलेल्या खोलीत कधीच नको.

वैल, म्हणजे चुलीला लागून असलेली दुसरी छोटी चूल, जोडायचं नंतर सांगतो.