आबांना फोन लावा

प्रश्न : ताई, माझे वडील (नाना, वय ६४) अमळनेरकडचे शेतकरी. सात महिन्यांपूर्वी लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, बोलणंही गेलं. त्यांना धुळ्याला आमच्या फ्लॅटवर आणलं. गोळ्या, मालिश, व्यायाम सगळं वेळेवर होतं, बीपी ताब्यात आहे. तरी ते भिंतीकडे तोंड करून पडतात, दोन घास खाऊन ताट सारतात. गावाकडचे त्यांचे जुने सोबती आबा दोनदा भेटून गेले, पण ते आले की नाना रडतात, मध्येच हसतात, अहिराणीत शिव्या देतात. म्हणून त्यांना सध्या येऊ नका म्हटलं. आम्ही अजून काय करायचं?

उत्तर : भाऊ, आधी आबांना फोन लावा, मग पुढचं वाचा.

नाही ना लावला? तुमच्या मूळ पत्रात गोळ्यांची नावं वेळेसकट आहेत, गादी कुठली घेतली तेही आहे. आबांना मात्र एका ओळीत दारातून परत पाठवलंत. सात महिन्यांत नानांच्या तोंडून काही फुटलं ते त्या एका माणसासमोर, आणि नेमकं त्यालाच तुम्ही बंद केलंत!

शिव्यांचं ऐका. उजवी बाजू आणि वाचा एकदम गेली म्हणजे बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला इजा. मग वाक्य जुळवणं जड जातं. पण वर्षानुवर्षं तोंडात रुळलेलं, म्हणजे आकडे, हरिपाठ, शिव्या, हे पुष्कळदा शाबूत राहतं. आणि शिवी अहिराणीत आली यात नवल काय? जन्मभर ते बैलांशी, मजुरांशी ज्या बोलीत बोलले ती तुमच्या फ्लॅटमध्ये कोण बोलतं? पोरांच्या शाळेपायी आपणच ती घरातून घालवली. (माझ्याही घरी हेच झालं, म्हणून जोरात बोलते आहे.) स्पीच थेरपिस्टकडे नेत असाल तर त्यांनाही नानांची बोली सांगा.

राहिलं रडणं. मेंदूला इजा झाली की भावनेचा लगाम सैल होतो. जरा भरून आलं की हुंदका, नको तिथे हसू. दरवेळी त्यामागे तेवढं दुःख असतंच असं नाही. आणि असलं तरी? जन्माचा सोबती समोर आलाय आणि त्याला ‘बठ’ (बस) एवढंही म्हणता येत नाही. रडू नये तर काय करावं माणसानं? बघवत नाही ते तुम्हाला. नानांना विचारलंत का? बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं घरोघरी धरून चालतात. मान हलवून हो-नाही सांगू शकत असतील, तर विचारून बघा, आबांना बोलावू का म्हणून.

भिंतीकडे तोंड करणं आणि ताट सारणं मात्र मला खटकलंय. अशा झटक्यानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत. पुढच्या तपासणीची वाट न बघता याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. ‘एवढं झाल्यावर मन खचणारच’ म्हणून सोडून देऊ नका.

आबांना फोनवर ‘माझं चुकलं’ म्हणा. गाडी पाठवतो म्हणा. ते नको म्हणतील आणि एसटीनेच येतील. पिशवीत शेंगा असतील, तेव्हा नानांना घास नीट गिळता येतो का हे आधी विचारून ठेवा. नाना शब्द शोधत थांबले तर थांबू द्या, मधेच पुरवू नका, एवढं आबांना सांगा. कपाशीचा भाव, बोंडअळी, कुणाच्या विहिरीला किती पाणी, हे त्यांचं ते बोलतील.

टीव्ही बंद करा, चहा ठेवा आणि दार लोटून बाहेर या. आतून रडण्याचा आवाज आला तरी आत जाऊ नका.