पावसात गाडीत पाणी येतंय

प्रश्न: माझी २००४ ची हॅचबॅक. पाऊस लागला की डाव्या सीटपुढं पायाखाली पाणी साचतंय, काचेचं रबर बदललं तरी तेच. – एक वाचक, खानापूर

उत्तर: उन्हात एसी लावल्यावरपण ओलं होतंय काय बघा, तसं असंल तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी ड्रेन नळी तुंबलीय. गोडसर वास नि चिकटपणा असला तर हीटरमधनं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, गळतंय. फक्त पावसातच येत असंल तर वायपरखालची जाळी काढा, झाडाखाली गाडी लावली की तिथं पाला कुजून पाणी बाहेर जायचं भोक बंद होतंय आणि पाणी ब्लोअरच्या (आत हवा सोडणाऱ्या पंख्याच्या) वाटेनं आत उतरतंय, माझा पहिला संशय त्यावरच. तरी नाही सापडलं तर एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं पाईपनं खालून वर हळूहळू पाणी सोडायचं, एकदम टपावर नको, नाहीतर कुठनं आलं कळतच नाही. आणि मॅटखालचा फोम काढून वाळवा हो, पत्रा सडतोय.