आईच्या केअर सेंटरचा खर्च सुरू होण्याआधी फ्लॅट आम्हा मुलांच्या नावावर करून घ्यावा का?

नका करू. तुमचे न्यू जर्सीचे भाऊ सांगतायत ते तिकडचं गणित आहे. अमेरिकेत नावावरची पुंजी संपत आली की नर्सिंग होमचा खर्च मेडिकेड ही सरकारी योजना उचलते, म्हणून लोक मालमत्ता आधीच मुलांकडे वळवतात. तिथेही बहुतेक राज्यांत मागच्या 5 वर्षांतले व्यवहार तपासतात. इथे आई कागदोपत्री कफल्लक झाली तरी ठाण्यातल्या सेंटरचे महिन्याचे 45 हजार भरायला कोणी येणार नाही. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड हॉस्पिटलात दाखल झाल्यावर कामाचं, आणि मेडिक्लेममध्ये नुसत्या देखभालीचा मुक्काम बसत नाही. मग वाचणार काय?

मुलांना राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये, त्याचा मोह पडतो खरा. पण आईला डिमेन्शिया आहे असं तुम्हीच लिहिलंय. उद्या भावंडांत बिनसलं तर सही करताना तिला कळत होतं का, यावर कोर्टात वर्षं जातील.

तुमच्याच आकड्यांवर हिशोब मांडते. एफडी 40 लाखांच्या. मुदत संपेल तसे त्यातले 30 लाख पोस्टाच्या सिनियर सिटिझन स्कीममध्ये टाका. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500. फॅमिली पेन्शन 14 हजार. कमी पडतात साडेदहा हजार. घोडबंदरचा वन बीएचके रिकामाच आहे ना? लिव्ह अँड लायसन्सवर द्या, भाडं आईच्याच खात्यात घ्या. सोसायटीचा मेंटेनन्स जाऊनही तेवढं सुटायला हरकत नाही. उरलेले 10 लाख आजारपणासाठी. मुद्दल शाबूत, आणि भावालाही पासबुकात सगळं दिसतं.

घाई करायची ती इथे. आईला व्यवहार कळतोय तोवर तिच्या बचत खात्यात तुमचं नाव ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणून घाला, म्हणजे दोघींपैकी कोणीही एकटं व्यवहार करू शकेल, सगळीकडे नॉमिनेशन तपासा. पॉवर ऑफ अॅटर्नीच्या भरवशावर राहू नका. माणसाचं भान गेलं की ती कायद्याने टिकत नाही, मग पालक नेमून घ्यायला हायकोर्ट गाठावं लागतं. नुसता हात थरथरत असेल तर घाबरायचं कारण नाही. सासूबाईंना पेन धरवेना तेव्हा बँकेतले साहेब शाईचा पॅड घेऊन घरी आले, अंगठा घेतला, साक्षीला स्वतः आणि शेजारचे काका.

आणि ते 45 हजार म्हणजे पूर्ण बिल समजू नका. सासूबाईंच्या बिलात डायपर, अंडरपॅड, फिजिओ, रात्रीची आया, सगळं वेगळं लागायचं. औषधं तर आम्हीच नेऊन द्यायचो. दरवर्षी किती वाढ करणार, आणि मध्येच आईला घरी आणलं तर डिपॉझिट किती दिवसांत परत देणार, हे पैसे भरायच्या आधी लेटरहेडवर लिहून घ्या.