आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) मिसिंग: इंजेक्टर बदलण्याआधी कॉम्प्रेशन बघून घ्या

सकाळी थंड असताना इंजिन गुळगुळीत, अर्धा तास चालवली की सिग्नलला उभ्या उभ्या स्टिअरिंग थरथरतं, एसी लावला की आणखी, आणि जरा रेस दिली की सगळं गायब. तुम्ही लिहिलेलं हे वाचलं आणि मला माझी गाडीच आठवली. माझीपण तीन सिलेंडरची, कंपनी फिटेड सीएनजी, तेव्हा 85 हजार किमी झालेली, रोज वाकड ते चाकण. तुमचे प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडी झालंय म्हणता म्हणून त्यात शिरत नाही. आता 16 हजारात इंजेक्टर बदला म्हणतायत ना, ते पैसे अजून भरू नका.

आधी एक बघा, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर सारखंच थरथरतं का? फक्त सीएनजीवर असेल तर गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर तिकडे शोधा. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर चोक झाले असतील, सीएनजीवाले पेट्रोलवर गाडी चालवतच नाहीत म्हणून हे होतं, रोज चारपाच किमी तरी चालवावी. पण दोन्हीवर सारखं असेल तर पेट्रोलच्या इंजेक्टरचा संबंधच काय? सीएनजीवर चालताना ते बंद असतात! हा एवढा साधा प्रश्न मी तेव्हा सर्व्हिस सेंटरला विचारला नाही.

माझं झालं ते असं. चेक इंजिनचा दिवा नाशिक फाट्याला लुकलुकला, मी तशीच गाडी सर्व्हिस सेंटरला नेली (नाव लिहीत नाही). ॲडव्हायजरने स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड पुसला आणि म्हणाला आता काही दिसत नाही मॅडम. अहो पुसल्यावर कसं दिसेल? तो कोणत्या सिलेंडरचा होता, इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होता हे सगळं त्या नोंदीत असतं, ते एका बटणात गेलं. जॉबकार्डवर कोड लिहिलाच नाही. मग तीन महिने अंदाजाने पार्ट बदलणं चाललं, आधी तिन्ही कॉइल, मग थ्रॉटल बॉडी, मग इंजेक्टर, मग इंजिन माउंटिंग, 31 हजार गेले आणि थरथर तशीच. दर वेळी गाडी त्यांच्याकडे रात्रभर उभी, सकाळी थंड इंजिनवर ट्रायल घेणार आणि मला फोन, "मॅडम, गाडी ओके आहे." थंड असताना ती ओके असणारच होती.

शेवटी शेजाऱ्यांनी भोसरीतल्या एका जुन्या मेकॅनिककडे पाठवलं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. गाडी गरमच होती, वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. कागद बाहेर फडफडत होता आणि मधेमधे चटकन आत ओढला जाऊन नळीला चिकटत होता. म्हणाले, व्हॉल्व्ह बसत नाहीये ताई. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब, मोजलं, 180, 175 आणि तिसऱ्याला 110 पीएसआय.

कारण टॅपेट टाइट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात लागणारा बारीक गॅप कमी झालेला. सीएनजी कोरडा, व्हॉल्व्हच्या सीटवर (बंद होताना तो टेकतो ती कड) पेट्रोलसारखा ओलावा नाही, सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होत जातो. थंडपणी जेमतेम गॅप असतो, गरम झालं की व्हॉल्व्ह लांबतो, गॅप संपतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारा) पूर्ण बंदच होत नाही. रेस दिल्यावर गळायला वेळ कमी मिळतो म्हणून कळत नाही, आयडलला उघडं पडतं. आणि सगळ्यांना वाटतं टॅपेट वाजत नाहीत म्हणजे ठीक आहेत. उलट आहे! वाजणारा टॅपेट सैल असतो, तो सांगून तरी जातो. टाइट झालेला गप्प असतो आणि व्हॉल्व्ह जाळतो. त्या तीन महिन्यांत माझा तिसरा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळला होता, हातात घेतला तेव्हा नखाएवढा तुकडा उडालेला दिसला. वेळेत गॅप बघितला असता तर दीडदोन हजारात काम होतं. हेड उतरवणं, लेथवर सीट कापणं, नाना पेठेतून व्हॉल्व्ह आणि गॅस्केट, सगळं धरून 14 हजार अजून लागले. त्या 31 हजारांचा राग मला आजही येतो, कारण मी प्रत्येक वेळी सांगत होते की गरम झाल्यावर बघा.

मी मेकॅनिक नाही, तुमचं दुखणं वेगळंही असू शकतं. इनटेकच्या रबरी नळीला चीर असली तरी आयडल बिघडतं, पण ते बहुतेक थंडपणीही जाणवतं. शिवाय तुमच्या इंजिनला हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळणारे) असतील तर गॅप सेट करायची भानगडच नाही, आधी मॅन्युअलात बघा. पण कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्याच, गाडी चालवून गरम असताना, सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, आणि समोर उभं राहून आकडे स्वतः लिहा. कागदाची पट्टी घरीही धरता येईल, हात लांब ठेवा, सायलेन्सर तापलेला असतो.

अजून एक, शेवटची पीयूसीची पावती काढा. एचसीचा, म्हणजे न जळलेल्या इंधनाचा, आकडा बघा, बीएस 4 गाडीला 200 पीपीएमची मर्यादा आहे. आधीच्या पावतीपेक्षा तो एकदम चढला असेल तर कुठेतरी इंधन न जळता बाहेर जातंय. माझ्या पावत्यांवर 40 वरून 170 झालं होतं, पास लिहिलेलं होतं म्हणून मी दुर्लक्ष केलं.

आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी ताणू नका, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो गेला तर खर्च फार मोठा. सर्व्हिस सेंटरला सांगा, कोड पुसण्याआधी मला फोटो पाठवा. नाही म्हणाले तर गाडी परत आणा. कॉम्प्रेशनचे तिन्ही आकडे मिळाले की इथे टाका, मी बघते.