घरातले अधिवेशन आणि तटस्थ पती

पत्र: ताई, माझे सासरे निवृत्त झाल्यापासून आमच्या घराची विधानसभा झाली आहे. सकाळी प्रश्नोत्तरांचा तास भरतो. स्वयंपाकघरातल्या गळक्या नळासाठी त्यांनी चौकशी समिती नेमली, तिचा अंतरिम अहवाल वाचून दाखवला आणि समितीला मुदतवाढ दिली; नळ अजून गळतोच आहे. मी तक्रार केली की तिची ‘विरोधकांचा गदारोळ’ अशी नोंद होते. माझे पती प्रत्येक ठरावावर तटस्थ राहतात. मुलगी गणिताचे नाव काढताच सभात्याग करते. येणारेजाणारे पोट धरून हसतात, मलाही कधी कधी हसू येते, पण कामे सगळी माझ्याच अंगावर पडतात. मी हसावे की चिडावे?
– एक विरोधी पक्षनेत्या

उत्तर:

प्रिय विरोधी पक्षनेत्या,

तुम्ही दोन्ही करावे. हसू आणि चीड यांपैकी एकाचीच निवड करण्याचा ठराव, माझ्या माहितीप्रमाणे, तुमच्या सभागृहात अद्याप मंजूर झालेला नाही.

मात्र तुम्हाला नेमके काय टोचते आहे, ते पत्रात पुरते उतरलेले नाही, म्हणून ते मी मांडून पाहते. राजकारणातली विक्षिप्त थट्टा सहसा खालून वर जाते. 1959 मध्ये ब्राझीलमधील साव पाउलो शहराच्या नगरपरिषद निवडणुकीत वैतागलेल्या मतदारांनी काकारेको नावाच्या गेंड्याला सुमारे 1 लाख मते दिली. ती मते अर्थातच बाद ठरली, पण कोणाची टिंगल चालली आहे हे सर्व उमेदवारांना समजले. तुमच्या घरी हा प्रवाह उलटा वाहतो. अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेली व्यक्तीच विनोद करते, आणि जिच्या हाती भांडी आहेत तिची तक्रार हा त्या विनोदाचा कच्चा माल ठरतो. तुमचे सासरे दुष्ट आहेत असे मला मुळीच वाटत नाही. आयुष्यभर कार्यालयात टिपणे आणि शेरे लिहिलेल्या माणसाला अचानक एकही कागद पुढे येईनासा झाला की तो नळाचीसुद्धा नस्ती उघडतो. पण ज्या थट्टेचा खर्च नेहमी एकाच माणसाच्या खात्यावर पडतो, ती थट्टा त्या माणसाला कालांतराने सोसवेनाशी होते, आणि त्यात तुमच्या विनोदबुद्धीचा काहीही दोष नाही.

हे सभागृहच बरखास्त करावे असा विचार तुमच्या मनात येत असेल, तर जरा थांबा. जून 2010 मधील निवडणुकीनंतर बेल्जियममध्ये पूर्ण अधिकारांचे नवे सरकार यायला 541 दिवस लागले. त्या काळात काळजीवाहू सरकारवर देश चालला, इतकेच नव्हे तर 2010 च्या उत्तरार्धात युरोपीय संघाच्या परिषदेचे फिरते अध्यक्षपदही त्याने सांभाळले, कारण रोजची कामे करणारी यंत्रणा आपल्या जागी होती. तुमच्या घरात सरकार म्हणजे सासरे आणि यंत्रणा म्हणजे तुम्ही. सरकार पडल्याचे घरात कोणाला जाणवणारही नाही. यंत्रणेने एक दिवस रजा घेतली तर मात्र संध्याकाळपर्यंत सर्व पक्षांचे एकमत होईल. ही रजा तुम्ही अवश्य घ्यावी, आणि तिची सूचना नियमाप्रमाणे आदल्या दिवशी लेखी द्यावी, म्हणजे कोणाला हरकतीचा मुद्दा उपस्थित करता येणार नाही.

सासऱ्यांचे काय करायचे, याचे उत्तर मला आइसलँडमध्ये सापडते. 2010 मध्ये योन ग्नार या विनोदी कलावंताने ‘सर्वोत्तम पक्ष’ नावाचा पक्ष काढून रेक्याविकची निवडणूक लढवली. जलतरण तलावांवर सर्वांना मोफत टॉवेल आणि प्राणिसंग्रहालयात ध्रुवीय अस्वल, अशी आश्वासने त्याने दिली आणि ती पाळणार नसल्याचेही उघडपणे सांगून टाकले. पक्षाला 15 पैकी 6 जागा मिळाल्या, तो महापौर झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याच्या टेबलावर आर्थिक संकटाने पोळलेल्या शहराचे हिशेब येऊन पडले. शहराच्या मालकीची वीज आणि गरम पाणी पुरवणारी कंपनी कर्जात बुडाली होती. तिला सावरण्यासाठी दरवाढीसारखे अप्रिय निर्णय घ्यावे लागले. त्याने पूर्ण मुदत काढली आणि विनोदही सोडला नाही. तेव्हा सासऱ्यांचा विनोद बंद पाडू नका, त्यांना खाते द्या. पाणीपुरवठा खाते त्यांना शोभेल, आणि त्यात प्लंबरला दूरध्वनी करणे, तो येईपर्यंत घरी थांबणे व त्याचे बिल चुकते करणे ही कामे स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावीत. बिनखात्याचा मंत्री हाच कोणत्याही मंत्रिमंडळातला सर्वांत उत्साही वक्ता असतो.

आता तुमच्या पतींविषयी, कारण खरी अडचण मला तिथेच दिसते. तटस्थ राहणे म्हणजे कोणाचीच बाजू न घेणे, अशी त्यांची समजूत असावी. 28 मार्च 1979 रोजी ब्रिटनमधील जेम्स कॅलहन यांचे सरकार अविश्वास ठरावावर 311 विरुद्ध 310 अशा एका मताने पडले. त्या रात्री फ्रँक मॅग्वायर नावाचे उत्तर आयर्लंडमधील एक अपक्ष खासदार, आपण प्रत्यक्ष हजर राहून तटस्थ राहण्यासाठी आलो आहोत असे सांगत लंडनला आले होते, आणि खरोखरच त्यांनी मत दिले नाही. तेही तटस्थच होते. सरकार मात्र गेले. तुमच्या घरी तटस्थतेचा फायदा रोज खुर्चीला मिळतो. ही गोष्ट पतींना सभागृहात सांगू नका, कारण तिथे तिचाही विनोद होईल. बाहेर फिरायला गेल्यावर, एकही संसदीय शब्द न वापरता, साध्या भाषेत सांगा: ‘बाबा माझ्या तक्रारीवर हसतात तेव्हा तुम्ही गप्प बसता, आणि त्याचा मला त्रास होतो.’ यावर ते विचार करण्यासाठी मुदत मागतील. एक दिवस द्या, अधिक नको.

मुलीच्या सभात्यागाची फार चिंता करू नये. विरोधकांचा तो जुना आणि मान्य हक्क आहे. बाहेर पडणाऱ्या सदस्याने गणिताची वही बरोबर न्यावी, एवढी दुरुस्ती सुचवा, आणि ती तिच्या आजोबांकडूनच मांडून घ्या. आजोबांच्या ठरावाला ती सहसा विरोध करणार नाही.