संत्रा-कापूस वाहायला पिकअप घ्यायची हाय, सीएनजी बरी का डिझेल?

भाऊ, आधी गावापासून सीएनजी पंप किती दूर हाय ते पाहा. वरुडकडून संत्रा भरून रातोरात नागपूरच्या कळमना मार्केटला निघायचं असन तर डिझेलच घ्या, कमी आरपीएमला (इंजिन हळू फिरत असतानाबी) ओढ जास्त असते, पावसाळ्यात वावरातल्या चिखलातून भरलेली गाडी निघते अन् डिझेल कुठंबी भेटते. सीएनजी किलोमीटरमागं स्वस्त पडते, पण सिलेंडरचं वजन हाय तेवढा माल कमी, वरून दर ३ वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं तपासणी). हा, नागपुरातच लोकल भाडे मारत असान तर सीएनजी पाहा, कारण बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाची) डिझेल गाडी नुसती थांबत-थांबत चालली की डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) चोक होते, मंग डॅशबोर्डवर तिचा लाईट लागला की पळवा मोकळ्या रोडवर. अन् सीएनजी पंपावर गॅसचं प्रेशर २०० बारपर्यंत (टाकी पूर्ण भरते तेवढं) येते का तेबी इचारा, नाहीतर रांगेत उभं राहून टाकी अर्धीच भरते.