शब्दचर्चा: माकुलाच्या चेतासंधीत विकर 'स्रवतं' का?

तुमचं वाक्य असं आहे: 'माकुलाच्या चेतासंधीत विकर स्रवते आणि त्यामुळे संदेश पुढच्या पेशीला मिळतो.' (माकूल म्हणजे स्क्विड हा समुद्री प्राणी, आणि चेतासंधी म्हणजे एका चेतापेशीकडून पुढच्या पेशीला संदेश मिळतो ती जागा.) आणि विचारलंय की इथे विकर ठेवायचं, संप्रेरक, म्हणजे हार्मोन, करायचं का सरळ एन्झाइम लिहायचं.

एन्झाइम आणि विकर यातलं काहीही चालेल, शाळेच्या पुस्तकात विकर असतं आणि लॅबमध्ये सगळे एन्झाइमच म्हणतात, एक काहीतरी धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. माझ्या मते वाक्य अडलंय ते 'स्रवते' या क्रियापदाशी. लाळेतली विकरं स्रवतात, जठरातली स्रवतात, त्यामुळे विकर म्हटलं की 'स्रवणं' आपसूक लेखणीत येतं. पण माकुलाच्या ज्या चेतासंधीवर एवढं संशोधन झालंय तिथे दोन पेशींमधल्या फटीत सोडला जाणारा पदार्थ ग्लुटामेट आहे, म्हणजे एक अमिनो आम्ल, आणि विकर मागच्या, म्हणजे संदेश देणाऱ्या पेशीच्या आतच राहून काम करतं.

आता ही चेतासंधी कुठली ते थोडं सांगतो कारण त्याशिवाय शब्द नीट बसणार नाहीत. माकूल घाबरलं की प्रावार, म्हणजे अंगाभोवतीची ती स्नायूंची पिशवी, झटक्यात आवळतं आणि पाण्याची चिळकांडी मारून उलट्या दिशेने पळतं. हा हुकूम नेणारे अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींचे लांब धागे, प्रचंड जाड असतात, काही तर १ मिलिमीटरच्या आसपास, आणि ते ज्या तारकाकृती गुच्छिकेतून, म्हणजे चेतापेशींच्या गाठीतून, निघतात तिथेच ही राक्षसी चेतासंधी आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३० च्या दशकात या तंतूंकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. मागच्या पेशीचं टोक इथे इतकं मोठं असतं की त्यात काचेची बारीक नळी खुपसून हवं ते रसायन आत सोडता येतं, आपल्या मेंदूतल्या चेतासंधीत हे जवळपास अशक्यच, म्हणून तर अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं माकुलं आणून हे काम चाललं.

१९८५ मध्ये चेताशास्त्रज्ञ रोडोल्फो ल्यिनास आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्या गटाने नेमकं हेच केलं. मागच्या टोकात ग्लुटामेटच्या पुटिका, म्हणजे अगदी बारीक पिशव्या, भरलेल्या असतात, आणि सिनॅप्सिन नावाचं प्रथिन त्यांना धरून ठेवतं, बंदरात होड्या दोरखंडाने बांधून ठेवाव्यात तसं. त्यांनी फॉस्फेट नसलेलं सिनॅप्सिन आत सोडलं तर पलीकडच्या पेशीतला प्रतिसाद घटला. मग कॅम कायनेज २ हे विकर सोडलं, जे सिनॅप्सिनला फॉस्फेट चिकटवतं, तर प्रतिसाद वाढला. आणि मला सगळ्यात आवडतो तो भाग म्हणजे या दोन्ही वेळी आत येणारा कॅल्शियमचा प्रवाह बदललाच नाही, म्हणजे विकराने फक्त किती पुटिका मोकळ्या होऊन तयार राहतील एवढंच बदललं होतं.

वेळेचा हिशेबही हेच सांगतो. विजेचा आवेग टोकाला पोचला की कॅल्शियम आत शिरतं, आणि तिथून पलीकडे प्रतिसाद उमटायला साधारण ०.२ मिलिसेकंद लागतात. एवढ्यात तयार असलेल्या पुटिकाच फुटतात, विकराने आपलं काम त्याआधीच करून ठेवलेलं असतं. म्हणून 'विकरामुळे संदेश मिळतो' हेही जरा जास्तच होतं, 'विकरामुळे संदेशाचा जोर कमीजास्त होतो' हे बरोबर.

संप्रेरक मात्र अजिबात नको. संप्रेरक रक्तात मिसळून लांबवर जातं, इन्सुलिन घ्या, थायरॉइडचं घ्या. एवढ्याशा फटीपलीकडे जाणाऱ्या ग्लुटामेटला तो शब्द लावला की वाचणारा ग्रंथी शोधत बसेल. न्यूरोट्रान्समीटर लिहा, नाहीतर 'संदेशवाहक रसायन'.

पुढच्या पानावर तुमच्याकडे अॅसिटिलकोलिनएस्टरेज आलंय, ते विकर पूर्ण वेगळ्या कामाचं, त्याला वरच्या विकराचं क्रियापद देऊ नका. ते अॅसिटिलकोलिन या संदेशवाहकाचे तुकडे करतं, कोलिन आणि अॅसिटेट, म्हणजे संदेश थांबवतं. तिथे 'विघटन करते' किंवा साधं 'तोडते' छान बसेल. जैवरसायनशास्त्रज्ञ डेव्हिड नाखमान्सोन यांना १९४० च्या सुमारास माकुलाच्या जाड तंतूत हे विकर सापडलं आणि त्यांनी त्यावरून असं मांडलं की तंतूच्या संपूर्ण लांबीवर आवेग अॅसिटिलकोलिनमुळेच पुढे सरकतो. ते टिकलं नाही, १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी माकुलाच्याच तंतूवर, आवेग सोडियम-पोटॅशियमच्या आत-बाहेर जाण्याने पुढे सरकतो, याचं गणित मांडलं. त्यामुळे जुन्या मजकुराचा अनुवाद करताना लेखकाचं मत आणि आजचं ज्ञान एकाच वाक्यात मिसळू देऊ नका, तिथे 'नाखमान्सोन यांच्या मते' हे तीन शब्द घालाच.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'माकुलाच्या राक्षसी चेतासंधीत मागच्या पेशीतून ग्लुटामेट सोडले जाते, किती सोडले जाईल यावर त्या पेशीतल्या कॅम कायनेज २ या विकराचा परिणाम होतो.' थोडं लांब झालं, पण कोण काय करतंय ते कळतं.

आणि माकूलच ठेवा, स्क्विड करू नका. रायगड-रत्नागिरीकडे म्हाकूलही म्हणतात, गोव्यात माणकी, पण विज्ञानाच्या मजकुरात माकूल सगळ्यांना चालेल. फक्त पहिल्यांदा आलं की एकदा 'स्क्विड म्हणजे माकूल' असं वाक्यातच सांगून टाका, कारण घाटावरच्या बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलेलं नसतं.